वेष्टनावर न लिहिलेला प्राणी : एका ॲलर्जीचा आणि घटकयादीचा इतिहास

१/
पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत घटकयादी छापलेली असते. ती पूर्ण आहे, असे वाचणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या यादीतील प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी आग्रह, एखादी दुर्घटना किंवा एखादा खटला उभा आहे. ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे तेथे छापली गेली. ज्यांचा आजारच यादी ठरल्यानंतर उमगला, त्यांचे काय झाले, याचा हा इतिहास.

२/
आरंभ एका औषधापासून. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत ‘सेटुक्सिमॅब’ या कर्करोगावरील औषधास मान्यता मिळाली. लवकरच एक विचित्र तफावत दिसू लागली. देशभरात या औषधाची तीव्र ॲलर्जी सुमारे ३ टक्के रुग्णांत अपेक्षित होती. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत मात्र ते प्रमाण २२ टक्क्यांवर गेले. काहींना पहिल्याच मात्रेच्या वेळी, काही मिनिटांत जिवावरचा झटका येई.

३/
ॲलर्जी होण्यासाठी शरीराची त्या पदार्थाशी पूर्वी गाठ पडलेली असावी लागते. मग आयुष्यात प्रथमच मिळालेल्या औषधाला शरीराने ‘ओळखले’ कसे? व्हर्जिनिया विद्यापीठातील थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. औषध देण्यापूर्वी घेतलेले रक्ताचे जुने नमुने त्यांनी तपासले. मार्च २००८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

४/
औषध घेतलेल्या ७६ रुग्णांपैकी २५ जणांना ॲलर्जी झाली होती. त्या २५ पैकी १७ जणांच्या रक्तात औषध मिळण्यापूर्वीच त्याविरुद्धची प्रतिपिंडे होती. ज्यांनी हे औषध कधी घेतलेच नव्हते, अशांचीही तपासणी झाली. टेनेसीत ७२ पैकी १५ जणांत ती प्रतिपिंडे सापडली, बॉस्टनमध्ये ३४१ पैकी केवळ दोघांत. रोगाचे धागेदोरे भूगोलात होते.

५/
ही प्रतिपिंडे औषधाच्या रेणूला चिकटलेल्या एका शर्करेविरुद्ध होती. तिचे नाव अल्फा-गॅल. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण, उंदीर अशा बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. माणूस, वानर आणि आफ्रिका-आशियातील माकडे यांच्या पूर्वजांनी ती घडवण्याची क्षमता कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. पक्षी आणि मासे यांच्यातही ती नसते. सेटुक्सिमॅब उंदराच्या पेशींत तयार होई आणि तेथूनच ती शर्करा त्यात आली होती.

६/
उरलेला प्रश्न असा की, टेनेसीच्या लोकांना ही प्रतिपिंडे मिळाली कोठून? बाधित राज्यांचा नकाशा गोचिडींमुळे पसरणाऱ्या एका ज्वराच्या नकाशाशी जुळत होता. संशय ‘लोन स्टार’ नावाच्या गोचिडीवर गेला. मादीच्या पाठीवरील पांढऱ्या ठिपक्यामुळे तिला हे नाव पडले. २००७ मध्ये डोंगरात भटकताना स्वतः प्लॅट्स-मिल्स यांनाही गोचिडींच्या पिल्लांनी चावे घेतले. काही महिन्यांनी लंडनमध्ये कोकराचे मांस खाल्ल्यावर त्याच रात्री त्यांच्या अंगावर पित्त उठले.

७/
पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही हेच चित्र दिसत होते. सिडनी येथील डॉक्टर शेरिल व्हॅन न्यूनेन यांच्याकडे मांसाच्या ॲलर्जीचे रुग्ण येत आणि त्यांना पूर्वी गोचीड चावल्याचे आढळे. २००९ मध्ये त्यांनी अशा २५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्कॉट कॉमिन्स, प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी २४ अमेरिकी रुग्णांची हकिकत मांडली. २०११ पर्यंत गोचिडीच्या चाव्याशी असलेला संबंध पुराव्यानिशी पुढे आला.

८/
इतका ठळक आजार इतकी वर्षे नजरेआड राहिला, याचे कारण त्याच्या वेळेत आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यास बहुधा काही मिनिटांतच त्रास सुरू होतो. येथे मात्र जेवण आणि त्रास यांत तीन ते सहा तास जातात. संध्याकाळी जेवलेला माणूस मध्यरात्री खाज, पोटदुखी किंवा गुदमरल्याने जागा होई. सारे निर्धास्त पचल्यासारखे वाटल्यानंतर आलेल्या त्रासाचा दोष जेवणाला कोण देणार? चरबी सावकाश पचते आणि तिच्यासोबत ती शर्करा उशिरा रक्तात पोहोचते, असा या विलंबामागील तर्क आहे.

९/
निदान झाल्यावर ताटातले मटण किंवा बीफ बाजूला सारणे सोपे असते. अवघड असते ते पाकीट. जिलेटिन हाडे आणि कातडी उकळून मिळते. ते गोळ्यांत, मार्शमॅलोत, काही दह्यांत आणि औषधी कॅप्सूलच्या आवरणात असते. बिस्किटांत आणि भाजलेल्या पदार्थांत डुकराची किंवा गुरांची चरबी असू शकते. सूपच्या पुडीत मांसाचा अर्क असतो. काही रुग्णांना दूधही चालत नाही. प्राणी असा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो आणि त्याचे नाव प्रत्येक वेळी लिहिलेले नसते.

१०/
हे नाव हरवण्याची प्रक्रिया जुनी आहे. १८६९ मध्ये फ्रान्सच्या इपोलित मेझ-मूरिए याने लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून मार्गारिन शोधले, ते गुरांच्या चरबीपासून. पुढे तेच नाव वनस्पती तेलांपासून बनवलेल्या पदार्थाला लागू झाले. नाव टिकले, आतले द्रव्य बदलले. १८९७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जेल-ओ’ या रंगीत, फळांच्या चवीच्या गोड पदार्थातही हाडे-कातडी ओळखू येण्याचे कारण नव्हते. कारखान्याने प्राण्याला त्याच्या रूपापासून आणि वासापासून वेगळे केले. मग ओळख पटवण्याचे काम एकट्या लेबलावर आले.

११/
अमेरिकेत लेबलाला कायद्याच्या चौकटीत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९०६ चा. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणली होती. सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली अनेक वर्षे भेसळीविरुद्ध झगडत होते. ३० जून १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अन्न व औषधांसंबंधीच्या कायद्यावर सही केली. त्याने लेबलावरील खोटे विधान गुन्हा ठरवले. परंतु सर्व घटक लिहिण्याची सक्ती केली नाही. मद्य, अफू, मॉर्फिन, कोकेन अशी मोजकी द्रव्ये तेवढी सांगावी लागत.

१२/
पुढचे पाऊल एका शोकांतिकेनंतर पडले. १९३७ मध्ये एका विषारी द्रावकात बनवलेल्या औषधाने शंभरहून अधिक बळी घेतले. १९३८ च्या नव्या कायद्याने औषधांबरोबर अन्नाचेही नियम कडक केले. ज्या पदार्थांची कृती सरकारने ठरवून दिलेली नव्हती, त्यांचे घटक नेहमीच्या नावांनी लिहिणे बंधनकारक झाले. मात्र मसाले, स्वाद आणि रंग यांना सूट मिळाली. त्यांची वेगवेगळी नावे न देता ‘मसाले’, ‘स्वाद’, ‘रंग’ एवढेच लिहिलेले चालणार होते.

१३/
ही सूट केवळ निष्काळजीपणातून आलेली नव्हती. स्वादाचे मिश्रण हे उत्पादकाचे व्यापारी गुपित, आणि ते उघड केल्यास स्पर्धक नक्कल करील, हा युक्तिवाद त्यामागे होता. पुढे अमेरिकी नियमांत ‘नैसर्गिक स्वाद’ या शब्दांची व्याख्या झाली. तिच्यात फळे, भाज्या आणि मसाल्यांबरोबर मांस, मासे, कोंबडी, अंडी आणि दूध यांपासून काढलेले स्वादही बसतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संत्र्याची साल येते; कायद्याच्या दृष्टीने तो गुरांच्या मांसाचा अर्कही असू शकतो.

१४/
या दोन शब्दांनी एक मोठे वादळ उठवले आणि त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटले. १९९० मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत बटाट्याच्या फ्राईज गुरांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलात तळण्याचे जाहीर केले. साहजिकच अनेक शाकाहारी लोक निश्चिंत झाले. परंतु त्या फ्राईजमधील ‘नैसर्गिक स्वादा’त गोमांसाचा अंश होता. मे २००१ मध्ये सिएटल येथील भारतीय वंशाचे वकील हरीश भारती यांनी खटला दाखल केला.

१५/
बातमी भारतात पोहोचताच ठाण्यातील मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहाची तोडफोड झाली, मुंबईत निदर्शने झाली. भारतातील फ्राईजमध्ये असा कोणताही अंश नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. अमेरिकेत कंपनीने माफी मागितली आणि २००२ च्या तडजोडीत शाकाहारी, हिंदू व इतर संस्थांना मिळून १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ‘स्वाद’ या शब्दाआड दडलेल्या प्राण्याविषयी जाब विचारला गेला, तो श्रद्धेच्या आणि आहारव्रताच्या बाजूने. वैद्यकीय बाजूने तो विचारणारा अजून कोणी नव्हता, कारण त्या आजाराला नावच मिळालेले नव्हते.

१६/
येथे तारखांचा एक दुर्दैवी योग जुळून येतो. फेब्रुवारी २००४ मध्ये सेटुक्सिमॅबला मान्यता मिळाली. त्याच वर्षी २ ऑगस्टला अमेरिकेत अन्नातील ॲलर्जीकारक घटकांच्या लेबलाचा कायदा झाला. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, झाडावरील कठीण कवचाची फळे, गहू, शेंगदाणे आणि सोयाबीन, असे आठ गट त्यात निश्चित झाले. १ जानेवारी २००६ पासून ते साध्या शब्दांत लिहिणे सक्तीचे झाले. ज्या औषधामुळे नवी ॲलर्जी उजेडात यायची होती ते नुकतेच बाजारात आले होते. यादी मात्र तेवढ्यात ठरून गेली.

१७/
त्या कायद्याने स्वादाची जुनी सूट या आठ गटांपुरती मोडली. ‘नैसर्गिक स्वादा’त दुधाचा अंश असेल तर तो सांगावाच लागतो. तेथे गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा अंश असेल, तर ॲलर्जीच्या या कायद्याखाली तो सांगण्याचे बंधन नाही. यादीत नव्या नावाची भर पडणे किती कठीण, हे तिळाच्या उदाहरणावरून दिसते. तिळाचा नववा गट म्हणून समावेश करणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. मूळ कायद्यानंतर जवळपास दोन दशकांनी.

१८/
मग अल्फा-गॅलचा रुग्ण पाकीट कसे तपासतो? त्याला दुसऱ्यांनी, दुसऱ्या कारणांसाठी निर्माण केलेल्या खुणांचा आधार घ्यावा लागतो. त्यांपैकी एक ज्यू आहारनियमांची. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून कारखान्यांतील पदार्थांवर ‘कोशर’ प्रमाणनाची चिन्हे छापली जाऊ लागली. या परंपरेत मांस आणि दूध एकत्र चालत नाहीत. म्हणून ज्यात दोन्ही नाहीत अशा पदार्थांसाठी ‘पार्वे’ असा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात मासे आणि अंडी चालतात.

१९/
म्हणजे मांस नाही, दूध नाही. मासे-अंडी असू शकतात. अल्फा-गॅलच्या रुग्णाला हवी असलेली रेषा जवळजवळ हीच आहे. प्राचीन धर्मनियमातून आलेली खूण एकविसाव्या शतकातील आजाराला उपयोगी पडावी, हे लक्षणीय आहे. पण तीही निर्धोक नाही. गुरांच्या कातड्या-हाडांपासून केलेले जिलेटिन ‘पार्वे’ मानावे की नाही, यावर ज्यू धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि काही प्रमाणनसंस्था ते मान्य करतात.

२०/
दुसरी खूण ‘व्हीगन’. हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रचारात आणला. ज्यात प्राणिजन्य काहीच नाही, त्यात सस्तन प्राणीही नसणार. त्यामुळे ही खूण अधिक भरवशाची. तिची अडचण उलट आहे. रुग्णाला चालणारी कोंबडी, मासे, अंडी हे सारे ती बाहेर ठेवते. शिवाय लाल समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅरॅजिनन या घट्टपणा आणणाऱ्या द्रव्यात अल्फा-गॅल आढळते आणि काही रुग्णांना ते सोसत नाही. व्हीगन खुणेला त्याच्याशी कर्तव्य नाही.

२१/
भारतीय वाचकाला येथे हिरवा ठिपका आठवेल. त्याचाही स्वतःचा इतिहास आहे. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेल्या गुरांच्या चरबीची भेसळ होत असल्याचे प्रकरण गाजले आणि सरकारला अशा चरबीच्या आयातीवर बंदी घालावी लागली. डब्यात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, ही धास्ती तेव्हा घराघरांत पोहोचली. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाकीटबंद अन्नावर शाकाहार-मांसाहाराची खूण सक्तीची झाली. रंगांध व्यक्तींना फरक कळावा म्हणून २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला.

२२/
या नियमानुसार पक्षी, मासे, अंडी यांसह प्राणिजन्य सर्व काही मांसाहारी. मात्र दूध व दुग्धजन्य पदार्थ शाकाहारी. आता अल्फा-गॅलच्या रुग्णाच्या नजरेने पाहावे. सुक्या जवळ्याच्या चटणीवर तपकिरी खूण असते, तरी जवळा त्याला चालतो. श्रीखंडावर हिरवा ठिपका असतो आणि दूध न सोसणाऱ्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. खूण खोटी नाही. ती ज्या प्रश्नासाठी निर्माण झाली, त्याचेच उत्तर देते. आणि तो प्रश्न आहाराच्या परंपरेचा होता.

२३/
खुणेच्या पलीकडे, घटकाच्या उगमाचा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेला. नूडल्स आणि चिप्स यांत चव वाढवण्यासाठी वापरले जाणारे डायसोडियम इनोसिनेट लेबलावर बहुधा ‘६३१’ अशा क्रमांकाने येते. ते मांसापासून किंवा माशांपासून बनते, तसेच प्राणिजन्य नसलेल्या मार्गानेही बनवता येते. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की, केवळ सांकेतिक क्रमांक पुरेसा नाही. घटक वनस्पतीपासून आला, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून, हे प्रमाण कितीही अल्प असले तरी सांगितले पाहिजे. याचिका शाकाहाराच्या आग्रहातून आलेली होती. उगम सांगण्याचे तत्त्व रुग्णालाही तितकेच उपयोगी.

२४/
दरम्यान अमेरिकेत आजार पसरत राहिला. विसाव्या शतकात जंगले पुन्हा वाढली, जवळजवळ संपुष्टात आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे संरक्षणामुळे पुन्हा विपुल झाली आणि त्यांच्या अंगावर पोसल्या जाणाऱ्या गोचिडींनाही बरकत आली. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने अहवाल दिला : २०१० ते २०२२ या काळात १ लाख १० हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले, प्रत्यक्ष बाधितांची संख्या ४ लाख ५० हजारांपर्यंत असू शकेल. त्याच वेळच्या पाहणीत १,५०० डॉक्टर व आरोग्यसेवकांपैकी ४२ टक्के जणांनी या आजाराचे नावही ऐकलेले नव्हते.

२५/
त्यामुळे आज तपासणीचे ओझे बहुतांशी रुग्णावरच आहे. जिलेटिन, चरबी, मांसाचा अर्क, दूध हे उघड शब्द सहज सापडतात. खरी अडचण दुहेरी उगमाच्या शब्दांची. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, मॅग्नेशियम स्टिअरेट, मोनो व डायग्लिसराइड्स ही द्रव्ये पामतेलापासून येतात, तशी चरबीपासूनही. प्रत्येक रुग्णाला ती बाधतातच असे नाही. सोसण्याची मर्यादा व्यक्तीगणिक बदलते आणि ती डॉक्टरांच्या साहाय्यानेच ठरवावी लागते. लेबलावर उत्तर नसेल तर उत्पादकाला विचारावे लागते. पाककृती बदलते, म्हणून ओळखीचे पाकीटही दर खेपेस नव्याने वाचावे लागते.

२६/
उपाय दोन दिशांनी शोधले जात आहेत. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने अल्फा-गॅल नसलेल्या, जनुकीय बदल केलेल्या डुकरांना अन्न आणि औषधनिर्मितीसाठी मान्यता दिली. म्हणजे प्राणीच बदलण्याचा मार्ग. दुसरा मार्ग कागदावरचा. अल्फा-गॅलला ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत स्थान मिळावे, यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक मांडले गेले आहे. तिळाचा अनुभव पाहता ती वाट लांबची असू शकते.

२७/
१९०६ मध्ये लेबलाने खोटे बोलू नये एवढी मागणी होती. १९३८ मध्ये घटक सांगावेत अशी झाली. २००१ मध्ये ‘स्वाद’ म्हणजे काय, हे श्रद्धावंतांनी विचारले. २००४ मध्ये ॲलर्जीग्रस्तांच्या आठ गटांना उत्तर मिळाले. २०२१ मध्ये दिल्लीत उगमाचा प्रश्न निघाला. या प्रत्येक टप्प्यावर आधी कुणीतरी ठामपणे विचारले आणि मग ओळ छापली गेली. अल्फा-गॅलच्या रुग्णांनी आता विचारायला सुरुवात केली आहे. त्यांची ओळ छापली जाईपर्यंत ते इतरांनी मिळवलेल्या खुणांच्या आधारे, एकेक शब्द पारखत, पाकीट वाचत राहतील.